पुढे थांबू

"घरी आम्ही कधी भांडत नाही, मॅडम. गाडीत बसलो की सुरू होतं. आमचं मुळातच जमत नाही का?"

मी जोडप्यांचं समुपदेशन करते. मे महिना आला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. या जोडप्याने विचारला तो सहल अर्धीच झालेली असताना. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) पुण्यात राहणारी, दोघंही नोकरी करणारी, लग्नाला 3 वर्षं झालेली. रत्नागिरीत त्याच्या आत्याकडे मुक्काम होता. रात्री जेवताना सूनबाई "आत्या, त्याला अजून भात हवाय का विचारा" असं म्हणायला लागल्या. तो तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावरच बसला होता. आत्यांनी काय ते ओळखलं आणि कोणाची बाजू न घेता सकाळी दोघांना माझ्याकडे धाडलं. शहाणी बाई. बहुतेक नातेवाईक अशा वेळी न्यायाधीश होतात.

भांडण करवंदांवरून झालं होतं. पुण्याहून पहाटे 4 ला निघून ताम्हिणी उतरले, माणगाव केलं, मग मंडणगडच्या बाजूने दापोली. वाटेत पोरी करवंदांचे द्रोण घेऊन उभ्या. ती म्हणाली, थांब ना. तो म्हणाला, पुढे मिळतील. पुढे मिळाली नाहीत. नाश्त्याचंही तेच, पुढे थांबू. त्याच्या डोक्यात दाभोळची फेरीबोट बसलेली. ती मिळाली की वाशिष्ठीची खाडी ओलांडून थेट धोपावे आणि गुहागर, नाही तर चिपळूणवरून मोठा वळसा. धक्क्यावर पोचले तर बोट नुकतीच सुटलेली. डोक्यावर ऊन, अंगाला घामाची चिकचिक, पोटात पहाटेचा चहा आणि बिस्किटं. "करवंदं पण गेली आणि बोट पण," ती म्हणाली. संपलं. पुढे गुहागरचा मुक्काम, दुसऱ्या दिवशी तवसाळहून जयगडला जाणारी दुसरी फेरीबोट, गणपतीपुळे, सगळं मुक्यानेच झालं.

माझ्यासमोरही अर्धा तास करवंदंच चालली होती. शेवटी मी त्याला विचारलं, "आरे-वारेचा समुद्र कसा वाटला?" गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना रस्ता डोंगराच्या कडेने चढतो आणि खाली दोन्ही पुळणी दिसतात. इथेच जन्म काढलेली माणसंसुद्धा तिथे गाडी हळू करतात.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी वळणं बघत होतो. समोरून एसटी येत होती."

ती त्याच्याकडे वळली. "म्हणजे तू बघितलाच नाहीस?"

त्या दिवसातलं करवंदांपलीकडचं हे पहिलं वाक्य. तिला वाटत होतं, हा रुसून बसलाय. तो रुसला होताच, पण त्याहून जास्त तो अनोळखी, अरुंद रस्त्यावर जीव मुठीत धरून गाडी चालवत होता. सुट्टीवर ती होती, हा ड्युटीवर. गाडी तिलाही येते, पुण्यात रोज ऑफिसला घेऊन जाते. "तू कधी मागितली नाहीस." "तू कधी किल्ली खाली ठेवलीस?" आणि मग तिने हळू आवाजात सांगितलं की घरीही असंच चालतं. गृहकर्ज थोडं फिटू दे, मग बघू. तिचं नोकरी बदलणं, पुढे. मूल, पुढे. करवंदांचा द्रोण 20-30 रुपयांचा असेल, पण 'पुढे' हा शब्द तिने 3 वर्षं ऐकला होता.

आता त्यांचा मूळ प्रश्न. घरी नवराबायको जागेपणी एकमेकांच्या वाट्याला येतात किती? दीड-दोन तास, त्यातही फोन, कुकर आणि टीव्ही. गाडीत आठ तास हातभर अंतरावर बसायचं, उठून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही. घरी दबलेलं तिथे वर येतं. एवढ्यावरून लग्न चुकलं असं मी कधीच म्हणत नाही. एक गोष्ट मात्र मी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारते: रागाच्या भरात गाडी जोरात हाणली जाते का, रस्त्यात उतरवून देईन अशी धमकी मिळते का, भीती वाटते का? उत्तर 'हो' आलं तर ते सहलीतलं भांडण नव्हे. तिथे आधी सुरक्षिततेचं बोलायचं, जोडीचं नंतर. इथे दोघांचंही उत्तर 'नाही' होतं.

परतीच्या प्रवासासाठी जे ठरलं ते अगदी साधं. घाट त्याने चालवायचा, किनाऱ्याचा रस्ता तिने. दोघांचे दोन-दोन थांबे हक्काचे, 'थांब' म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. उपाशीपोटी वाद काढायचा नाही. (माझ्या इतक्या वर्षांच्या कामातला बराच भाग वेळेवर जेवा हे सांगण्यात गेलाय, पण त्याची फी मागायला लाज वाटते.) 'पुढे'च्या यादीला मात्र एका बैठकीत हात लावला नाही. त्यासाठी पुण्याला गेल्यावर व्हिडिओ कॉलवर आम्ही पाच वेळा बसलो आणि त्यातल्या दोन बैठका फक्त कर्जाच्या हप्त्यांवर गेल्या.

दिवाळीत आत्यांकडे आले तेव्हा फराळाचा डबा घेऊन भेटायला आले. आरे-वारेला ती चालवत होती, याने खाली उतरून फोटो काढले होते, ते दाखवले.

"आणि भांडण?" मी विचारलं.

"झालं ना," तो म्हणाला. "पण जेवल्यावर."