इंदूरमध्ये आई-बाबांसाठी घराजवळचा दवाखाना चांगला आहे का, हे कसं ओळखायचं?

पुण्याहून बदली होऊन सुदामानगरात राहायला आलात, आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, बाबांना बीपी आणि शुगर, आईचे गुडघे. जवळच चार डॉक्टर मिळून एक दवाखाना चालवतात, गर्दी असते, नेटवर स्टारही भरपूर आहेत. पण तिथली ट्रीटमेंट खरंच चांगली आहे का, हे डॉक्टर नसलेल्या माणसानं कसं ठरवावं, असं तुम्ही विचारलंय.

मीही डॉक्टर नाही. रामबागेच्या बाजूला माझं मेडिकल आहे, फार्मासिस्ट आहे. दिवसभर निरनिराळ्या दवाखान्यांचे पर्चे, म्हणजे तुमच्या पुण्याच्या भाषेत चिठ्ठ्या, हातात येतात. त्यामुळे मला दवाखाना कळतो तो पर्च्यावरून, आणि तुम्हालाही तेच सांगेन: पाटी, एसी, गर्दी सोडा, कागद वाचा.

गर्दीचं आधी संपवतो. आपल्याकडे आजही ताप आला की 'भिया, एक बॉटल चढ़ा दो' म्हणणारे कमी नाहीत. जो डॉक्टर म्हणतो, व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या, तीन दिवसांत उतरला नाही तर या, त्याला लोक एक स्टार देऊन मोकळे होतात, 'सुई तक नहीं लगाई'. आणि जो स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून वर अँटिबायोटिक देतो, त्याला पाच, कारण हाथोंहाथ आराम. आराम पडतो हे खोटं नाही, स्टेरॉइडनं ताप आणि अंगदुखी झटक्यात उतरते. पण तेच इंजेक्शन तुमच्या बाबांना दिलं तर त्यांची शुगर पुढचे काही दिवस चढलेली राहील. तेव्हा स्टार बघायचेच तर पार्किंग मिळतं का आणि नंबर किती वेळात लागतो, एवढ्यापुरते बघा.

आता कागद. डॉक्टरचं नाव, डिग्री आणि रजिस्ट्रेशन नंबर पर्च्यावर छापलेला हवा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत नंबर बंधनकारक आहे, दवाखान्यातही तो नंबर दिसेल असा लावायचा असतो. नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. पाटीवर बीएचएमएस (होमिओपॅथी) किंवा बीएएमएस (आयुर्वेद) आणि पर्च्यावर सगळी ॲलोपॅथी, असं दिसलं तर सरळ विचारा, त्यात कसला संकोच. त्याखाली तारीख, वय, त्या दिवशीचं बीपी, तक्रार काय होती, निदान किंवा निदानाचा अंदाज, औषध किती दिवस घ्यायचं आणि पुन्हा कधी दाखवायचं. औषधाचं जेनेरिक नाव लिहावं, तेही वाचता येईल अशा अक्षरात, शक्यतो कॅपिटलमध्ये, अशी दुरुस्ती २०१६ मध्ये त्याच नियमांत झाली. ती पाळणारे थोडे, पण जे पाळतात त्यांचा पर्चा हातात आला की मला बरं वाटतं. निदानाची जागा कोरी आणि खाली सात औषधं, असा पर्चा आला की मात्र काहीतरी खटकतं.

अँटिबायोटिकचं एक सांगून ठेवतो. सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक्स आणि अल्प्राझोलाम, ट्रामाडॉलसारख्या गोळ्या २०१४ पासून एच-वन यादीत, म्हणजे सरकारनं जास्त कडक नजर ठेवलेल्या औषधांच्या यादीत आहेत. त्या देताना आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि नग लिहावे लागतात, आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. साध्या सर्दी-खोकल्याला दर वेळी यातलंच काही लिहून मिळत असेल, तर त्या दवाखान्यात विचार कमी आणि सवय जास्त आहे असं समजा.

तुमच्या बाबतीत खरी परीक्षा वेगळीच आहे, कारण डॉक्टर चार आहेत. एकानं काय लिहिलं ते दुसऱ्याला दिसतं का? मागे एक आजोबा काउंटरवर प्लास्टिकची पिशवी उलटी करून म्हणाले, यातलं काय संपलंय तेवढं द्या. पिशवीत टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली बीपीची गोळी, फिजिशियननं लिहिलेली. त्याच इमारतीत बसणाऱ्या हाडांच्या डॉक्टरनं गुडघ्यासाठी दिलेली ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची गोळी. वर तिसऱ्यानं तापासाठी दिलेलं वेगळं पॅरासिटामॉल. पित्ताची पॅन्टोप्रॅझोल दोन, ब्रँड वेगवेगळे, औषध एकच, आणि आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत होते. पॅरासिटामॉल दोन वाटांनी पोटात जातंय हे त्यांना कळण्याचं कारणच नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे बीपीच्या त्या गोळीत एक लघवी वाढवणारं औषध असतं, दुसरं मूत्रपिंडातला दाब कमी करतं, आणि त्यावर रोज दुखीची गोळी पडली की म्हाताऱ्या माणसाची किडनी हळूहळू बसू शकते. प्रत्येक डॉक्टरचा कागद आपापल्या जागी बरोबर होता. तिन्ही कागद एकत्र कोणी पाहिलेच नव्हते.

तुमच्याकडे बाबांची बीपीची गोळी आणि आईचे गुडघे असे दोन पेशंट आहेत, पण एका घरातल्या गोळ्या एकाच डब्यात राहतात आणि दुखीची गोळी बाबाही मागतात. म्हणून पहिल्याच भेटीत बाम सोडून जे जे पोटात जातं ते, सगळ्या स्ट्रिप्स आणि आयुर्वेदिक काढेही, पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. डॉक्टर पिशवी उघडून एकेक स्ट्रिप वाचतो की 'ठीक है, ये भी चलने दो' म्हणत नवीन पान फाडतो, त्यावर माझं निम्मं मत तयार होतं. एखादी गोळी कमी करणारा डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका. शिवाय काउंटरवरच्या मुलीला विचारा, फाइल एक असते की प्रत्येक डॉक्टरची वेगळी.

बीपी कसं घेतात तेही बघण्यासारखं असतं. जिना चढून आलेल्या माणसाला बसवलं न बसवलं की शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि गोळी वाढवायची, हे सर्रास चालतं. पाच मिनिटं शांत बसवून, दंड उघडा, हात छातीच्या पातळीला टेकवलेला, आणि निदान दोनदा मोजून घेतलं पाहिजे. या वयात उभं करूनही एकदा मोजायला हवं. गोळ्यांमुळे उठल्यावर बीपी पडतं आणि माणूस बाथरूममध्ये पडतो, मग ते हाडांचं दुखणं होऊन दुसऱ्याच डॉक्टरकडे जातं.

शुगरसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, शुगर ताब्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, ताब्यात असेल तर सहा महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आणि पाय. पाय म्हणजे मोजे काढायला लावून, बोटांच्या बेचक्यांत बघून. बाबांचे मोजे वर्षभरात एकदाही उतरले नाहीत, तर मग त्या भिंतीवरच्या डायबिटीसच्या पोस्टरला काही अर्थ नाही.

स्वच्छतेचं थोडक्यात: सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं जावं, सुई कटरमध्ये तोडून पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात जावी. २०१६ च्या बायोमेडिकल कचऱ्याच्या नियमांत रंग ठरलेले आहेत. सुई लाल पिशवीत किंवा साध्या डस्टबिनमध्ये पडताना दिसली तर तिथे इंजेक्शन घेऊ नका.

रक्त अमुकच लॅबमध्ये तपासा, दुसरीकडचा रिपोर्ट चालणार नाही, असा हट्ट असेल तर कारण विचारा. कधी कधी कारण खरंच असतं, डॉक्टरला त्या लॅबच्या आकड्यांवर भरवसा असतो. पण रेफर करण्याबद्दल कमिशन घेणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत सरळ निषिद्ध आहे, आणि एनएबीएल, म्हणजे लॅबच्या दर्जाची राष्ट्रीय मान्यता असलेल्या दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट न बघताच बाजूला सारणाऱ्याला मी तरी दुसऱ्यांदा फी देणार नाही. रेकॉर्डची प्रतही मागून बघा. नियमानं ७२ तासांत द्यायची असते. चांगल्या ठिकाणी ती हसत मिळते, बाकीच्या ठिकाणी 'क्यों चाहिए?' ऐकायला मिळतं. प्रकरण फारच बिघडलं तर तक्रार सीएमएचओच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसात किंवा भोपाळच्या मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

शेवटचा प्रश्न काउंटरवर विचारा: रविवारी रात्री बाबांची शुगर एकदम उतरली तर काय करायचं? एखादा नंबर, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं त्याचं नाव आणि सोबत न्यायला औषधांची यादी, एवढं मिळालं तर दवाखाना माझ्या मते पास. 'सुबह ले आना' हे उत्तर आलं, तर बीपी-शुगरसाठी दुसरा डॉक्टर शोधा, सर्दी-पडशाला हा चालेल. तोवर १०८ ची ॲम्ब्युलन्स आणि एमवायची, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलची कॅज्युअल्टी चोवीस तास आहेच, आणि घरात ग्लुकोजचा पुडा असू द्या, बाबांना सापडेल अशा जागी.