अमेरिकेत पगाराची माहिती सरकारकडे असूनही रिटर्न भरायला पैसे का मोजावे लागतात? लॉबिंगमुळे?

हो, बऱ्याच अंशी लॉबिंगमुळेच, म्हणजे कंपन्यांनी कायदे करणाऱ्यांवर टाकलेल्या दबावामुळे. डब्ल्यू-२ या वार्षिक पगार-फॉर्मच्या पहिल्या चौकटीतला पगार कंपनीने सरकारला आधीच कळवलेला असतो, तरी तोच आकडा आपण विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो. २००२ मध्ये आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, कर-सॉफ्टवेअर कंपन्यांशी करार केला: कमी उत्पन्नवाल्यांना तुम्ही फुकट सेवा द्या, आम्ही स्वतःची सेवा काढणार नाही. आयआरएसवरची ही अट २०१९ मध्ये गेली. २०२४ मध्ये १२ राज्यांत रिटर्न फुकट भरायचं सरकारी ‘डायरेक्ट फाइल’ आलं, तेही २०२६ च्या हंगामाआधी बंद केलं. सामान्य नोकरदारावर हा सरळ अन्याय आहे. कॅलिफोर्नियाच्या ‘रेडीरिटर्न’ला, म्हणजे राज्याने आधीच भरून दिलेल्या रिटर्नलाही, ‘टर्बोटॅक्स’ हे कर-सॉफ्टवेअर विकणाऱ्या इंट्युट कंपनीने विरोध केला होता. लॉबिंगचा खर्च काँग्रेसकडे (अमेरिकी संसदेकडे) जाहीर करावा लागतो, तो कोणालाही पाहता येतो. मात्र स्वतःचा धंदा असेल, तर सरकारकडे पूर्ण माहिती नसतेच. तिथे किचकटपणा कायद्याचाच.