दोन व्हीलॅनमध्ये (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं) पिंग चालतं, पण कॅमेऱ्याचा मल्टिकास्ट व्हिडिओ (एकदाच पाठवलेला, मागणाऱ्या सगळ्यांना मिळणारा) पलीकडे दिसत नाही. सिस्को राउटरवर काय करायचं?

ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘आयपी मल्टिकास्ट-राउटिंग’ द्या आणि दोन्ही व्हीलॅन इंटरफेसवर ‘आयपी पिम स्पार्स-मोड’ (पिम म्हणजे मल्टिकास्ट कुठे पाठवायचं ते ठरवणारा प्रोटोकॉल). एकाच बाजूला देऊन भागत नाही. स्पार्स मोडला साधारणपणे आरपी (रॉंदेव्हू पॉइंट, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा जिथे जुळतात तो राउटर) लागतो. राउटर एकच असेल तर ‘आयपी पिम आरपी-अ‍ॅड्रेस’मध्ये त्याचाच पत्ता द्या.

एवढं करूनही व्हिडिओ आला नाही, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने कमी होणारा पॅकेटचा आकडा, शून्य झाला की पॅकेट टाकलं जातं) बघा. सगळे राउटरशीच झटत बसतात आणि दोष निघतो इथे. मल्टिकास्टचा डीफॉल्ट टीटीएल बहुतेक ठिकाणी १ असतो, म्हणजे पॅकेट राउटरपर्यंत येतं आणि तिथेच टाकलं जातं. १६ करून बघा. ग्रुपचा पत्ताही (ज्या पत्त्यावर कॅमेरा मल्टिकास्ट पाठवतो तो) २३९ ने सुरू होणारा घ्या, २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते राउटर पुढे पाठवतच नाही. ‘शो आयपी एमराउट’मध्ये आउटगोइंग इंटरफेस ‘नल’ दिसला, तर पलीकडून कुणी तो ग्रुप जॉइनच केलेला नाही, म्हणजे व्हिडिओ मागितलेलाच नाही.