आधी वहीत, मग पडद्यावर

प्रिय,

तुझे पत्र काल रात्री वाचले आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. त्या उपग्रहाची प्रत, म्हणजे तेजाचा तो आकडा जो जितका लहान तितके तेज जास्त, तू २.९ लिहिलीस, मोबाईलवरचे ॲप ४.१ म्हणाले, आणि आपलेच डोळे चुकले असणार असे ठरवून तू २.९ वर काट मारलीस. तो सप्तर्षींतील पुलह आणि अत्री यांच्या तेजाच्या बरोबर मधला दिसला, असे तूच लिहितोस. पुलह २.४, अत्री ३.३, म्हणजे २.९ हा आकडा तू ताऱ्यांशी ताडून मिळवलेला आहे. तो खोडलास कशासाठी?

ॲपचा आकडा मोजलेला नसतो. उपग्रह हजार किलोमीटरवर असता तर किती तेजस्वी दिसला असता, याची एक ठरीव प्रत धरतात आणि तिच्यात अंतराची व सूर्यप्रकाशाच्या कोनाची दुरुस्ती करतात. पाचशे किलोमीटरवर तोच उपग्रह दीड प्रतीने उजळ दिसतो, एवढे गणितात बसते; पण त्याची सौरपटले त्या क्षणी कोणीकडे वळलेली होती, हे गणिताला बहुधा ठाऊक नसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्लूवॉकर-३ या उपग्रहाने ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडला, तेव्हा तो किती उजळला हे जगाला निरीक्षकांच्या नोंदींतून समजले, आणि त्या निरीक्षकांत नुसत्या डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करणारे हौशी लोकही होते. त्यांनी भाकीत पाहून आकडे बदलले असते तर?

मी बदलला होता, म्हणून हे इतक्या तळमळीने लिहितो आहे. इरिडियम उपग्रहांचे अँटेने आरशासारखे लखलखत, त्या काळात एका फेब्रुवारीच्या संध्याकाळी मी सिंहगडाच्या पायथ्याशी उभा होतो. भाकीत उणे ६ चे होते आणि दिसला तो जेमतेम व्याधाच्या ताऱ्याएवढा, उणे दीड. मी वहीत उणे ५ लिहिले. पुढे कित्येक महिन्यांनी ध्यानात आले की भाकीत मी पुणे शहराच्या अक्षांश-रेखांशांवरून काढले होते, आणि ते लखलखणे तर काही किलोमीटर सरकले तरी मंदावते. खरा आकडा ठेवला असता तर चूक त्याच आठवड्यात सापडली असती. ते पान आजही माझ्याकडे आहे आणि त्याचा मला उपयोग शून्य आहे.

तेव्हापासून उपग्रह दिसेनासा होईपर्यंत मी पडद्याकडे पाहत नाही. आधी वेळ, तुलनेचे दोन तारे आणि प्रत वहीत, मग भाकीत. सोबतचे लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत. क्षितिजाजवळ हवा तेज खाते, तेव्हा तुलनेचा ताराही तेवढ्याच उंचीवरचा घे, हे तुला सांगायला नको. पण आधी वहीत, हे मी दहा वेळा सांगेन.

काट मारलेल्या आकड्याखाली पुन्हा २.९ लिही, शेजारी ॲपचे ४.१ वेगळ्या शाईने लिही, आणि तोच उपग्रह पुढच्या फेरीला दिसला की त्या दोन आकड्यांखालची तिसरी ओळ मला कळव.

तुझा,
काका