अमेरिकन साहित्यातील बुद्धिप्रामाण्यवाद कसा आला, आणि ते लेखक नास्तिक होते का?

आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचे उत्तर मी आधी देते, कारण त्या एका शब्दापायी माझ्या एम.फिल.च्या प्रबंधिकेचे एक पान बदलावे लागले होते. नाही, ते नास्तिक नव्हते. अभ्यासक्रमात ज्यांची नावे येतात ते अठराव्या शतकातले बेंजामिन फ्रँकलिन, टॉमस जेफरसन आणि टॉमस पेन हे तिघेही जगाला कर्ता आहे असे मानणारे होते; त्यांना अमान्य होता तो चमत्कारांचा आणि धर्मगुरूंचा अधिकार. या भूमिकेला डीइझम म्हणतात. महात्मा फुल्यांचा 'निर्मिक', म्हणजे जगाचा निर्माता, ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती समजायला अवघड जाऊ नये; फुल्यांनी पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले होते.

तीसेक वर्षांपूर्वी मी पेन यांच्या 'द एज ऑफ रीझन' या पुस्तकावर प्रबंधिका लिहिली. आमच्या ग्रंथालयात ते पुस्तक नव्हते, म्हणून बाहेरगावाहून झेरॉक्स मागवली होती, आणि ती इतकी फिकट होती की समासालगतची अक्षरे मी पेन्सिलने गिरवून घेतली होती. मौखिक परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी पेन यांना ईश्वर मान्य होता या माझ्या वाक्यावर बोट ठेवले आणि विचारले, "अहो, ज्याने बायबलच्या चिंध्या केल्या, त्याला ईश्वर कसा मान्य असेल?" मी झेरॉक्स उघडून सुरुवातीचाच परिच्छेद त्यांच्यापुढे सरकवला. आपण एकच ईश्वर मानतो, त्याहून अधिक नाही, आणि या आयुष्यापलीकडेही सुखाची आशा बाळगतो, असे पेन तिथे स्वच्छ सांगतात. परीक्षकांनी पानाकडे पाहिलेदेखील नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी पेन यांना नास्तिक म्हटले आहे, एवढेच त्यांनी ऐकवले. माझे मार्गदर्शक खाली मान घालून चहा ढवळत राहिले. वाक्य बदलल्याशिवाय सही होणार नाही असे ठरले, आणि मी ते पान पुन्हा टंकलिखित करून दिले. मूळ पान अजून माझ्या कपाटात आहे.

त्या दिवशी मला जे सांगता आले नाही ते असे. पेन यांनी त्या पुस्तकाचा पहिला भाग १७९३ मध्ये पॅरिसमध्ये लिहिला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या त्या दिवसांत चर्चे बंद केली जात होती, आणि भोळ्या समजुतींबरोबर लोक ईश्वरालाही टाकून देतील अशी त्यांना धास्ती वाटत होती. फ्रेंच लोक नास्तिकतेकडे धावत सुटले होते, त्यांना थोपवण्यासाठी आपण हे पुस्तक लिहिले, असे त्यांनी पुढे १८०३ मध्ये अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातले नेते सॅम्युअल अ‍ॅडम्स यांना कळवले. डिसेंबरअखेरीस, लेखन पुरे झाल्यावर काही तासांतच त्यांना अटक झाली, आणि तुरुंगाकडे जाताना त्यांनी हस्तलिखित आपले मित्र, अमेरिकन कवी जोएल बार्लो यांच्या हवाली केले. ज्याने नास्तिकतेविरुद्ध लिहिले, त्यालाच नास्तिक ठरवण्यात आले; १८०९ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला जेमतेम मूठभर माणसे होती.

आता आपला पहिला प्रश्न. शास्त्रज्ञ न्यूटन आणि तत्त्वज्ञ लॉक यांचे विचार, अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमधले छापखाने आणि स्वस्त पत्रके यांतून हा प्रवाह वाढला, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. माझ्या मते तो समजून घ्यायला दोन गोष्टी पुरेत. जेफरसन यांच्या १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात सत्ये 'पवित्र आणि निर्विवाद' होती, अंतिम मजकुरात ती 'स्वयंसिद्ध' झाली. सत्याचा आधार पावित्र्यावरून बुद्धीवर आला, तो या एका दुरुस्तीत दिसतो. दुसरी गोष्ट म्हणजे फ्रँकलिन यांची स्वतःच्या वागणुकीची नोंद ठेवण्याची वही. तांबड्या शाईने आखलेले तक्ते, वाराचा एक असे सात उभे रकाने, तेरा सद्गुणांच्या तेरा आडव्या ओळी, आणि चुकेल तिथे काळा ठिपका. जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोके पडली, तेव्हा त्यांनी तो तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला. प्युरिटनांचे, म्हणजे वसाहतींतल्या आधीच्या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांचे, आत्मपरीक्षण इथे तसेच राहिले आहे, फक्त पापाची जागा हिशेबाने घेतली आहे.

मात्र प्युरिटन म्हणजे अंधश्रद्धा आणि त्यांच्यानंतरचे म्हणजे बुद्धी, अशी सरळ वाटणी करू नका. १७२१ मध्ये बोस्टनला देवीची साथ आली, तेव्हा टोचून घेण्याचा आग्रह धरणारे कॉटन मॅदर हे प्युरिटन धर्मोपदेशक होते, आणि त्यांना विरोध करणारे वर्तमानपत्र फ्रँकलिन यांच्या थोरल्या भावाचे होते. शिवाय 'स्वयंसिद्ध' समतेबद्दल लिहिणारे जेफरसन जन्मभर गुलाम बाळगून होते, हेही उत्तरात यायला हवे. पेन यांची बायबलवरची टीका जहरी होती आणि सश्रद्ध वाचक दुखावले गेले यात नवल नाही, हे मी आज मान्य करते.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत 'डीइस्ट' असेच लिहा. कोणी आक्षेप घेतला तर पान नुसते पुढे सरकवू नका, मोठ्याने वाचून दाखवा. मी ते त्या दिवशी केले नाही.