घड्याळात चालणारा सेल कॅमेऱ्यात का मरतो?

प्रश्न : माझ्याकडे दोन पेन्सिल सेलवर चालणारा जुना डिजिटल कॅमेरा आहे. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर गेलो, तेव्हा नवे अल्कलाइन सेल घातले होते. कोकणकड्यावर सूर्यास्ताचे जेमतेम पंधरा फोटो निघाले आणि 'बॅटरी संपली' म्हणत कॅमेरा बंद. त्यातलाच एक सेल घरी भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर मे उजाडला तरी घड्याळ चालूच! कॅमेरा बिघडलाय का?
— एक वाचक, संगमनेर

उत्तर : बहुतेक नाही. माझ्या दुकानातलं घड्याळही गिऱ्हाइकांनी 'मेले' म्हणून टाकलेल्या सेलवरच चालतं.

घड्याळाला एक मिलिअँपिअरहूनही कमी करंट पुरतो. कॅमेरा मात्र लेन्स बाहेर काढताना किंवा फ्लॅश भरताना एकदम अर्धा-एक अँपिअर ओढतो. अल्कलाइन सेलला हा ओढा झेपत नाही. त्याचा १.५ व्होल्टचा दाब तेवढ्यापुरता खाली बसतो आणि कॅमेरा समजतो, सेल संपला. आत माल शिल्लक असतोच. त्यात गडावरची थंडी. गारठ्यात सेलमधली रासायनिक क्रिया मंदावते, दाब आणखी पडतो. तिथेच सेल काढून दहा मिनिटं मुठीत धरले असते, तर आणखी चार-सहा फोटो मिळाले असते.

आणि एक सांगा, फ्लॅश ऑटोवर होता का? तिन्हीसांजेला तो आपोआप उडतो. दर वेळी त्याचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, या दोन सेलांतूनच ३०० व्होल्टच्या आसपास भरावा लागतो. एवढं करून कोकणकड्यावरून उजेड पाडायचा कशावर, दरीतल्या धुक्यावर? बंद ठेवा.

पुढच्या वेळी रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या. वर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून बिचकू नका. जोराच्या ओढ्याला ते अल्कलाइनपेक्षा कितीतरी चांगले टिकतात. जुन्या प्रकारचे मात्र नुसते पडूनही महिन्या-दोन महिन्यांत बरेच उतरतात, म्हणून चार्ज धरून ठेवणारे मागा. मेनूत 'बॅटरी टाइप' असेल तर तिथेही बदल करा, नाहीतर कॅमेरा उगाच लवकर ओरडतो. सेल बसतो तिथल्या पत्त्या खोडरबराने पुसून घ्या. एवढ्यावरही पंधरा फोटोंतच बंद पडला, तर तो दुरुस्तीला टाका.

घड्याळ थांबलं की तो सेल लगेच काढा. तसाच राहिला तर गळतो आणि पत्त्या खातो.