मुंबईच्या चोरबाजारात फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेच्या लॉजची, म्हणजे शाखांची, जुनी चांदीची पदकं दिसतात. घेताना काय बघावं?

पदक हातात आलं की आधी पालथं करा. समोरची बाजू विकण्यासाठीच असते: गुण्या, कंपास, एखादा डोळा, आणि वर दुकानदाराची 'गुप्त संघटने'ची गोष्ट. मटन स्ट्रीटवर ही गोष्ट फुकट ऐकवतात आणि भावात वसूल करतात.

इंग्लंडात घडलेल्या पदकामागे चांदी तपासल्याचे बारीक ठसे असतात, भिंग लागेलच. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे ती बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. शेजारच्या इंग्रजी अक्षरावरून साल काढता येतं. व्हिक्टोरिया राणीच्या मुखवट्याचा ठसा असेल तर माल १८९० किंवा त्याआधीचा, कारण तो ठसा चांदीवरचा कर भरल्याची खूण, आणि तो कर त्या वर्षी उठला. 'ईपीएनएस' दिसलं तर चांदीचा नुसता मुलामा. खुशाल भाव पाडा.

आता उलट गंमत. पिवळं दिसलं म्हणून पितळ समजू नका. बऱ्याच चांदीच्या पदकांवर सोन्याचा मुलामा असतो, तो कडेला आणि पिनेपाशी झिजून आतलं पांढरं डोकावतं. विकणारा पितळ म्हणत असेल तर गप्प बसून पैसे मोजा.

वजनाप्रमाणे चांदीची किंमत काढा, पण तो झाला तळ. वरचे पैसे कोरलेल्या मजकुराचे: कुणाला दिलं, कुठल्या लॉजने, कधी. गुण्याखाली पायथागोरसच्या सिद्धांताची आकृती लटकत असेल तर ते माजी 'मास्टर'चं, म्हणजे लॉजच्या माजी प्रमुखाचं पदक, मागे बहुधा नाव असतं. त्यातही मुंबईच्या लॉजचं सापडलं तर मी घासाघीस फार ताणत नाही. डॉ. जेम्स बर्न्स यांनी १८४३ मध्ये इथे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' लॉज काढलं, ते हिंदी लोकांना आत घेण्यासाठी; पारशी गृहस्थ माणेकजी करसेटजी त्यातलेच. अशा लॉजचं, पारशी नाव कोरलेलं पदक म्हणजे शहराच्या इतिहासाचा कागदच. इंग्लंडमधल्या कुठल्याशा लॉजचं त्यापुढे मला फिकं वाटतं.

शिंगं दिसली तर ते फ्रीमेसनांचं नव्हे. ब्रिटनमध्ये 'बफेलोज' नावाची वेगळी मंडळी आहे, त्यांची पदकं ढिगाने निघतात. ती फ्रीमेसनांची म्हणून गळ्यात मारतात.

घरी आणल्यावर ब्रासो लावू नका. कोरीव अक्षरं बुजतात, मुलामाही जातो. आणि शंभर वर्षांवरची अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतला भाचा मागत असेल तर त्याला फोटो पाठवा.